हार्वेस्टर निवडायचंय? आधी वावर बघा, मग मशीन

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की आमच्याकडे दोनच गोष्टींचे फोन चालू होतात, एक म्हणजे पाऊस काय म्हणतो अन् दुसरं हार्वेस्टर कुठपर्यंत आलंय. मी वाशिम जिल्ह्यातला. घरची अकरा एकर अन् चुलत्यांची सोळा, त्यातलं वीसेक एकर सोयाबीन, ते निघालं की त्याच वावरात हरभरा अन् थोडा गहू. सहा-सात वर्षं झाली आम्ही भाड्याचं हार्वेस्टर लावतोय, अन् गेल्या वर्षी चौघांनी मिळून विकत घ्यायचं का म्हणून बराच हिशोब केला, शोरूमच्या चकरा मारल्या, दुसऱ्यांची मशीनं चालताना धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसून बघितली, त्यातून जे कळलं ते लिहितोय. घेणाऱ्याला कामाचं आहेच पण बोलवणाऱ्याला जास्त, कारण आपल्यातले बहुतेक जण मशीन घेणार नाहीत, कोणतं मशीन वावरात घुसू द्यायचं एवढंच ठरवणार आहेत.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो किती एचपीचं घेऊ. अरे भाऊ, एचपी सगळ्यात शेवटी. आधी हे सांग की तुझं पीक कोणतं, कापणीच्या दिवसांत वावर कोरडं असतं का ओलं, वावराला जायला रस्ता किती रुंद, अन् कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा तुला पाहिजे का नाही. या चारच गोष्टींवर अर्धं मशीन ठरतं. आमच्या गावात एकाने मोठं चाकाचं मशीन घेतलं, झकास मशीन, पण त्याची स्वतःची आठ एकर पांदणीच्या पार टोकाला अन् पांदण अशी की बैलगाडीला समोरून मोटरसायकल आली तर एकाने मागे जायचं. पहिल्या वर्षी त्याच्या स्वतःच्याच वावरात त्याचं मशीन गेलं नाही, लोकांचं सोंगून म्हणजे कापून देत होता अन् घरचं बायामाणसं लावून सोंगलं.

तर प्रकार कोणते ते आधी बघू.

पहिलं म्हणजे आपण नेहमी बघतो ते मोठं, चाकाचं, पुढे १४ फुटी कटर बार म्हणजे पीक कापणारी पट्टी. प्रीत ९८७, करतार ४०००, दशमेश ९१००, जॉन डिअरचं डब्ल्यू७० ही सगळी या गटातली, इंजिन १०० एचपीच्या आसपास, वजन आठ टनांच्या घरात. पंजाबातून येणारी बहुतेक हीच. मोठं सलग वावर असेल, जमीन कोरडी असेल, तर याच्यासारखं काम कोणाचं नाही, रस्त्यावर स्वतःच्या चाकावर पळतं, पुढचा कटर बार सोडून मागे ट्रॉलीवर लावला की गावागावांतून जातं. आणखी एक फायदा कोणी सांगत नाही, करतार-प्रीतसारख्या बऱ्याच मशीनांना इंजिन अशोक लेलँडचं असतं, म्हणजे ऐन हंगामात इंजिन रुसलं तर तालुक्याचा ट्रकवाला मेकॅनिकसुद्धा हात घालू शकतो, कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागत नाही.

पण ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेला अन् आपली काळी जमीन, की हेच मशीन डोकेदुखी. आठ टनांचा बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर, वाफसा नसताना घातलं की वीतभर चाकोऱ्या पडतात, अन् त्या चाकोऱ्या हरभरा पेरताना समजतात, तिथे पेरणी यंत्राची फणं वर-खाली होतात, बी कुठे खोल कुठे उघडं पडतं अन् फेब्रुवारीपर्यंत त्या दोन पट्ट्यांत पीक खुजं दिसतं. एकदा फसलं तर दोन ट्रॅक्टर लावून ओढायचं, तो तमाशा वेगळाच.

दुसरं चेनचं, म्हणजे चाकाऐवजी रबरी पट्टे. कुबोटाचं डीसी-६८जी, क्लासचं क्रॉप टायगर ही ओळखीची नावं. कटर बार साधारण दोन मीटर म्हणजे साडेसहा-सात फूट, कुबोटाचं ते तीन टनांच्या आसपास, क्लासचं त्याहून जड. वजन कमी अन् ते लांबलचक पट्ट्यावर पसरलेलं, त्यामुळे ओलसर जमिनीत चालतं, जागच्या जागी वळतं, लहान तुकड्यात बसतं. भाताला तर हेच. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे बांध्यांमध्ये धान उभा असताना खाली ओल असतेच, तिथे १४ फुटी चाकाचं मशीन म्हणजे हत्तीला घागरीत कोंबण्यासारखं. तोटा असा की डांबरी रस्त्यावर चालवायचं नाही, पट्टे झिजतात, म्हणून एका गावावरून दुसऱ्या गावाला न्यायला ट्रक किंवा खाली बसणारी ट्रॉली लागते, अन् पट्टे बदलायची वेळ आली की खर्च लाखाच्या भाषेत होतो. मुरमाड-दगडी जमिनीत तर ते अजून लवकर खातात. त्यामुळे चेनवाला दर जास्त सांगतो तेव्हा तो लुटतोच असं नाही.

तिसरं ट्रॅक्टरवर बसवलेलं, दशमेश ९१२ सारखं. घरचा ५५-६० एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर असेल तर त्याच्यावरच सगळा सांगाडा चढवायचा. स्वस्त पडतं हे खरं. पण ट्रॅक्टर पूर्ण हंगामभर त्याच्यातच अडकतो, चढवायला-उतरवायला दिवस मोडतो, अन् सोयाबीन निघाल्याबरोबर रब्बीच्या पेरणीला ट्रॅक्टर पाहिजे असतो नेमका तेव्हाच. दोन ट्रॅक्टर असतील तरच याचा विचार करा असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी ज्यांच्याकडे एकच ट्रॅक्टर आहे अन् शोरूमवाला सांगतोय की साहेब तुमचा ट्रॅक्टर वर्षभर उभाच असतो ना, त्याला म्हणावं ये एकदा ऑक्टोबरात.

कोकणातल्या भावांनी हे वाचून मशीन बघायला निघू नये. पाच-सात गुंठ्यांची खाचरं, मध्ये कमरेएवढे बांध, वर चढायला पायवाट, तिथे चेनचं छोटं मशीनही मोकळ्या मळ्यातच जमतं. वरकस जमिनीत रिपरने कापून मळणी वेगळी केलेलीच बरी. अन् रब्बी ज्वारीवाल्यांनी तर हार्वेस्टरचं नावच काढू नये, कडब्याचे पैसे कधी कधी दाण्याच्या बरोबरीने येतात, तो चुरा करून वावरात फेकायला कोण तयार होईल.

बरं आता मशीनच्या पोटात. इथे लोक बघतच नाहीत, बाहेरचा रंग अन् एसी केबिन बघतात. पोटात मळणीचा ड्रम असतो, त्याच्या खाली जाळी, अन् माल ड्रममधून कसा जातो यावर दोन पद्धती. साध्या जुन्या पद्धतीत पीक ड्रमला आडवं येतं, एक फटका खातं, मग मागे हलणाऱ्या लांब पट्ट्यांवर म्हणजे स्ट्रॉवॉकरवर काड झटकलं जातं अन् राहिलेला दाणा खाली पडतो. काड बरंच अख्खं राहतं, दुरुस्ती सोपी, गव्हाला उत्तम. दुसरी अ‍ॅक्शियल फ्लो म्हणतात ती, यात पीक लांब ड्रमच्या भोवती गोल गोल फिरत मागे सरकतं, एकदम जोरात फटका बसण्याऐवजी हळूहळू घासून दाणा सुटतो. भाताला अन् सोयाबीनला ही बरी, दाणा कमी फुटतो. काही मशीनांत दोन्हीची मिसळ असते, आधी आडवा ड्रम अन् मग लांब. तुमचं मुख्य पीक गहू असेल तर साध्या ड्रमने काहीच बिघडत नाही, पण सोयाबीन तेही बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर आधी विचारा की आत कोणता ड्रम आहे.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रमचे फेरे सहज कमी-जास्त करता येतात का, का त्यासाठी पुली बदलावी लागते. हे मी स्वतः भोगलंय. तीन वर्षांपूर्वी पाऊस येणार म्हणून घाईघाईत मिळेल ते मशीन लावलं, ड्रायव्हर म्हणाला सेटिंग बरोबर आहे, मीही कुटाराकडे बघत बसलो, टाकी ट्रॉलीत खाली केली तेव्हा बघतो तर सोयाबीन कमी अन् डाळच जास्त. त्याने मशीन गव्हाच्या पुलीवरच आणलेलं, बदलायला दीड तास लागतो म्हणून बदललीच नाही. व्यापाऱ्याने हातात मूठभर घेतलं, माझ्याकडे बघून हसला अन् क्विंटलमागे भाव पाडला. त्या वर्षीचं घरचं बियाणं पण गेलं. गव्हाला ड्रमचे जेवढे फेरे लागतात त्याच्या साधारण निम्मेच सोयाबीनला पुरतात, एवढं लक्षात ठेवलं असतं तर वाचलो असतो.

कृषी विद्यापीठवाले बियाण्याच्या मळणीसाठी सांगतात की दाण्यात ओलावा १४-१५ टक्के असेल तर मिनिटाला ४०० ते ५०० फेरे अन् १३ टक्क्यांवर आला तर ३०० ते ४००. आता हे आकडे डोळे झाकून लावू नका, ड्रमचा घेर मोठा असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत मार जास्त बसतो, पण दिशा बरोबर आहे, जेवढं वाळलेलं तेवढं हळू. म्हणजेच सकाळी अकराला जे सेटिंग होतं ते दुपारी तीनला चालत नाही. सकाळी दवाने शेंग चिवट असते, दुपारी उन्हात कडक, हात लावला की फुटते. चांगला ड्रायव्हर दिवसातून दोनदा तरी खाली उतरून टाकीतला दाणा बघतो. शंभर दाणे मोजा, त्यात किती फुटलेले ते बघा, चार-पाचच्या वर गेले की थांबवा अन् फेरे कमी करायला लावा.

आता येतो मुख्य मुद्द्यावर, कटर बार. गव्हाची लोंबी वर असते, कुठूनही कापा. सोयाबीनची शेंग मात्र जमिनीपासून तीन-चार बोटांवरून सुरू होते, हरभऱ्याचंही तेच, घाटे खाली अन् फांद्या पसरलेल्या. सोयाबीनमध्ये जे काही नुकसान होतं त्यातलं बहुतेक मागे कुटारातून नाही, पुढे कटर बारवरच होतं, एक तर खालच्या शेंगा ठोंबावरच राहतात, नाहीतर रीलच्या, म्हणजे पीक ब्लेडकडे वाकवणाऱ्या फिरत्या चाकाच्या, फटक्याने शेंग फुटून दाणा खाली पडतो. म्हणून मशीन बघायला गेलात की खाली वाका. ब्लेड किती खाली येतं, दोन्ही बाजूंना सारखं येतं का, का एक टोक वर राहतं. ब्लेडचे दात मोडलेले आहेत का, बोथट ब्लेड कापत नाही, ओढतं, अन् ओढलं की शेंग फुटलीच. रील कसला आहे, नुसत्या फळ्यांचा का बारीक दात असलेला, पडलेलं पीक उचलायला दातांचा रील पाहिजे. रीलची गती मशीनच्या चालीपेक्षा थोडीशीच जास्त पाहिजे, पीक हलकेच ब्लेडवर वाकवल्यासारखं, झोडपल्यासारखं नाही. अन् चाल तासाला तीन-चार किलोमीटरच्या वर नको, ड्रायव्हर एकराप्रमाणे पैसे घेतो त्यामुळे त्याला पळायची घाई असते, तुमचा दाणा गेला तर त्याचं काय जातंय.

१४ फुटी बारचा इथे एक तोटा आहे तो नीट समजून घ्या. वावर सपाट नसेल, बीबीएफवर म्हणजे रुंद वरंब्यावर पेरलं असेल, सरी-वरंबा असेल, तर एवढा लांब सरळ बार एका टोकाला वरंब्याला टेकतो अन् दुसऱ्या टोकाला वीतभर वर राहतो. ड्रायव्हर माती घुसू नये म्हणून सगळाच वर उचलतो अन् खालच्या दोन-दोन शेंगा सगळ्या वावरभर राहतात. सात फुटी बार असल्या जमिनीला जास्त जवळ बसतो. बीबीएफवर पेरलं असेल तर मशीन वरंब्याच्या लांबीनेच चालवायला लावा, आडवं कधीच नाही. ठिबकच्या नळ्या आधी गोळा करा हे सांगायची गरज नाही, पण दरवर्षी कोणीतरी विसरतोच अन् अर्धा दिवस ड्रमला गुंडाळलेली नळी कापत बसतो.

हरभऱ्यात तर मशीनपेक्षा वाण आधी. जाकी ९२१८ सारखा निमपसरट वाण पेरून हार्वेस्टर बोलावलं तर खालचा थर वावरालाच अर्पण. मशीननेच काढायचं ठरलेलं असेल तर उंच उभट वाढणारे वाण आहेत, राहुरीच्या विद्यापीठाचा फुले विक्रम, अकोल्याचा पीडीकेव्ही कनक, त्यांचे घाटे वर लागतात अन् ब्लेडच्या वर राहतात. म्हणजे हार्वेस्टरची निवड खरं तर पेरणीच्या वेळी होते, कापणीच्या वेळी नाही.

नुकसान किती झालं हे डोळ्याने कळत नाही, मोजावं लागतं अन् मोजायला काही लागत नाही. जाड तार घ्या, एक फूट बाय एक फूट चौकोन वाकवा. मशीन चालू असताना ड्रायव्हरला थांबायला सांगा अन् दहा-पंधरा फूट मागे घ्यायला लावा. आता तीन जागा मिळतात, पुढे उभं पीक, मधला पट्टा जिथे फक्त कटर बार गेलाय, अन् मागचा जिथे कुटार पडलंय. प्रत्येक ठिकाणी तीन-चार वेळा चौकोन टाका अन् खाली पडलेले दाणे मोजा, न फुटलेल्या शेंगांतले पण, ठोंबाला राहिलेल्या शेंगांतले पण. उभ्या पिकाखाली जे पडलंय ते निसर्गाचं, मध्ये जे वाढलं ते कटर बारचं, मागे जे अजून वाढलं ते ड्रम अन् चाळणीचं. लगेच कळतं चोर कुठे बसलाय.

हिशोब असा, एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर चौरस फुटात एक दाणा म्हणजे एकरी सव्वापाच किलो. गव्हाचा एक दाणा म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास, अन् हरभऱ्याचा टपोरा दाणा तर एकरी दहा किलो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मशीनचं नुकसान सरासरी चौदा दाणे निघालं. चौदा म्हणजे ७३ किलो, क्विंटलला ४,००० धरले तरी २,९०० रुपये. मशीनचं भाडं एकरी २,००० होतं. म्हणजे दुसऱ्या मशीनवाल्यापेक्षा दोनशे रुपये स्वस्त म्हणून ज्याला आणलं त्याने भाड्यापेक्षा जास्त वावरात सांडून ठेवलं. त्याला चौकोन दाखवला, आधी म्हणाला एवढं तर होतंच, मग बार खाली घेतला, चाल कमी केली, रील हळू केला, तर सहावर आलं. मशीन तेच, ड्रायव्हर तोच. त्या दिवसापासून ती तार ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच असते, अन् ती हातात दिसली की ड्रायव्हर आपोआप गती कमी करतो हा आणखी एक फायदा.

कुटाराचं बोलू. ज्याच्याकडे ढोरं आहेत त्याच्यासाठी हाच सगळ्यात मोठा तोटा. थ्रेशरने काढलं की कुटाराचा ढीग एका जागी मिळतो, हार्वेस्टर मात्र वावरभर उडवतं. गव्हाचं काड मागून भुसा करायच्या रिपरने गोळा करता येतं, पण तो वेगळा खर्च अन् तो माणूस वेळेवर मिळाला तर. आमच्या चुलत्यांच्या सहा म्हशी, म्हणून ते आजही चार एकर हाताने सोंगतात, सुडी लावतात अन् सवडीने थ्रेशर लावतात, बाकीचं हार्वेस्टरने. हा मधला मार्ग मला पटतो, सगळं एकाच पद्धतीने काढलं पाहिजे असं कोणी सांगितलंय. ढोरं नसतील तर कुटार पसरून जमिनीतच जाऊ द्या, फक्त मशीनच्या मागे पसरवायचा पंखा आहे का बघा, नाहीतर एकाच पट्ट्यात जाड थर पडतो अन् हरभरा पेरताना फणात अडकून गोळे होतात. काडी लावू नका हे मात्र हात जोडून सांगतो.

बियाण्याचा प्लॉट असेल तर अजून एक. मशीन तुमच्याकडे येण्याआधी कोणाच्या वावरात होतं ते विचारा. टाकीच्या कोपऱ्यात, दाणा वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाशी आधीच्या वावराचे पाच-दहा किलो दाणे राहतातच, दुसऱ्या वाणाचे, अन् सोबत तणाचं बी फुकट. लांबून आलेलं मशीन गव्हातलं गुल्ली-डंडा नावाचं तण घेऊन येऊ शकतं, गाजर गवत तर काय सांगायलाच नको. रिकामं मशीन पाच मिनिटं पळवून झाकणं उघडून झाडायला लावा अन् पहिली अर्धी टाकी वेगळी काढा, ती बियाण्यात घालू नका. अन् मार्च-एप्रिलात कधीतरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर बियाणं म्हणून चालेल.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. मशीन एका तासात किती काढतं याचा सोपा हिशोब, कटर बार किती फुटी गुणिले चाल किती किलोमीटर, भागिले १९. यात वळणं, टाकी खाली करणं, चहा-पाणी सगळं धरलंय. १४ फुटी अन् चाल तीन, तर तासाला दोन-सव्वादोन एकर. सात फुटी तर साधारण एक एकर. शोरूममध्ये तासाला चार-पाच एकर सांगतात ते मोकळ्या मैदानातलं. दव उठेपर्यंत अकरा वाजतात, संध्याकाळी पुन्हा ओल चढते, दिवसाचे सहा-सात तास मिळतात, त्यात एखादा बेल्ट तुटतो. दिवसाला बारा-पंधरा एकर मोठ्या मशीनने निघालं तर चांगलं म्हणायचं.

आम्ही मांडलेला हिशोब सांगतो. मशीन पंचवीस लाखांचं धरलं. व्याज अन् घसारा मिळून वर्षाचे पाच लाख, दुरुस्ती एक लाख, ड्रायव्हर-हेल्पर एक लाख, म्हणजे मशीन गोठ्यात उभं असलं तरी सात लाख खाणार. एकरी भाडं २,०००, त्यातून डिझेलचे सहाशे अन् गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचे शंभर गेले, उरले १,३००. सात लाखांना तेराशेने भागा, ५४० एकर. एवढं झालं तेव्हा आपण शून्यावर, फायदा त्याच्या पुढे. आमच्या पंचक्रोशीत सोयाबीनचे दिवस वीस, म्हणजे फार तर ३०० एकर, हरभरा-गव्हाचे शंभर-दीडशे. मग उरलेल्यासाठी पंजाबवाल्यांसारखं गाव सोडून फिरावं लागतं, मार्चमध्ये गहू आपल्याकडे आधी येतो, मग वर मध्य प्रदेश, मग पुढे, पिकाच्या मागे मागे. ते लोक मशीनवरच स्वयंपाक करतात, महिना-महिना घरी जात नाहीत. चौघांपैकी एकाचीही तशी तयारी नव्हती, अन् अशा वेळी भागीदारीत पहिलं भांडण कशावरून होतं तर आधी कोणाचं वावर काढायचं यावरून.

तरीही घ्यायचंच असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून कापणी-मळणीच्या यंत्रांवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन त्याप्रमाणे आहे का तपासा. अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून, वैयक्तिक किंवा अवजार बँक म्हणून, टक्केवारी अन् कमाल मर्यादा प्रवर्गाप्रमाणे, चालू वर्षाचा आकडा तालुका कृषी कार्यालयात विचारा, अन् पूर्वसंमती हातात पडायच्या आधी मशीन उचलू नका, नाहीतर अनुदान विसरा. मॉडेलचा तपासणी अहवाल मागा. मध्य प्रदेशात बुदनीला अन् हरियाणात हिसारला सरकारी संस्था आहेत, त्या मशीनं चालवून दाण्याचं नुकसान, फूट, डिझेल सगळं मोजतात. विक्रेता रंगीत पत्रक देईल, तुम्ही तो अहवाल मागा, त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

जुनं घेणार असाल तर हंगाम संपल्यावर घ्या पण चालवून बघितल्याशिवाय नाही. ड्रम हाताने फिरवा, बेअरिंग कुरकुरतंय का, जाळीच्या कडा गोल झाल्यात का, चाळणीखालचा पत्रा गंजून पातळ झालाय का, कटर बार उचलून इंजिन बंद करा अन् पंधरा मिनिटांनी बघा किती खाली बसला, बसला तर हायड्रॉलिक गळतंय. सगळ्यात आधी तालुक्याच्या दुकानात जाऊन त्या मशीनचा बेल्ट अन् ब्लेडचे दात मागून बघा, दुकानदार म्हणाला मागवून देतो, तर ते मशीन आपल्यासाठी नाही.

आम्ही शेवटी घेतलं नाही. पण बोलवायची पद्धत बदलली. आता आम्ही चार घरं मिळून साठ-सत्तर एकर एकदम बोलतो, पोळा झाला की लगेच, त्यामुळे मशीनवालाही ऐकतो. खोलगट अन् नाल्याकाठच्या वावरांना चेनचं, वरच्या माळाला चाकाचं. फोनवरच विचारतो ड्रमचे फेरे कसे बदलता, ब्लेड कधी बदललं, आधी कुठे होता. मशीन यायच्या आदल्या दिवशी धुऱ्याकडेच्या चार-पाच ओळी अन् चारही कोपरे विळ्याने सोंगून ठेवतो म्हणजे वळताना उभं पीक चिरडत नाही, विहिरीच्या कडेचे दगड, खुंट, बोअरचा पाइप, सगळ्यांना लाल फडकं बांधतो. अन् पांदणीवरच्या बाभळीच्या फांद्या छाटून ठेवतो, वरून गेलेली विजेची तार खाली लोंबत असेल तर लाइनमनला आठ दिवस आधी सांगतो, कारण आठ दिवस आधी सांगितलं तर तो चौथ्या दिवशी येतो अन् आदल्या दिवशी सांगितलं तर दिवाळीनंतर.